बाळापूरची माती

शुक्रवार, संध्याकाळ, अमरावती

विद्यापीठाचा राष्ट्रीय क्रमांक वर गेला, संशोधनाचा निधी वाढला, म्हणून आज विभागात पेढे वाटले. ज्या शोधनिबंधाचं एवढं कौतुक चाललंय, त्यावर माझ्या मार्गदर्शक सरांनंतर माझं नाव आहे. मला न विचारता. छापील प्रत आजच पाहिली. भातकुली आणि बाळापूर, दोन्हीकडच्या खाऱ्या मातीचे नमुने म्हणे. भातकुलीचे मी आणले. बाळापूरला कोण गेलं? प्रयोगशाळेत मातीच्या पिशव्यांवर चिठ्ठ्या मीच लावते. बाळापूरची एकही पिशवी नाही.

सरांना विचारलं. ते हसले. "काहून वं, पीएचडी करून राहिली का पोलीसगिरी? पेढा खाय. सोमवारी विद्यापीठाची तपासणी समिती येते, तिले दोन्हीकडचे नमुने घेतले असंच सांगजो."

"सर, पिशव्या कुठे आहेत?"

"तुह्या प्रबंधावर सही कोनाची लागते?" या वेळी हसले नाहीत.

माझंच चुकत असेल? घरी येऊन आकडे ताडून पाहिले. भातकुलीच्या प्रत्येक आकड्यात सारखीच भर घातली की बाळापूरचा आकडा येतो. माती इतकी शिस्तीची नसते.

निबंध छापणाऱ्या नियतकालिकाच्या संपादकांना कारणासह लिहिलं, माझं नाव काढा. सरांनाही त्या पत्राची प्रत पाठवली. चार वर्षांचं काम त्यांच्या सहीवर अडणार, हे माहीत असून पाठवलं.