मालनबाईंचा मुक्काम

२ नोव्हेंबर १९७१, श्रीरामपूर

मालनबाई आल्या. हातात पत्र्याची ट्रंक, डोक्यावर बाजरीचं गाठोडं. मी उद्या पुण्याला ऑपरेशनला निघणार, म्हणून यांनी आपल्या थोरल्या वहिनीला मिरजगावहून बोलावून घेतलं. मला विचारलंही नाही! वर म्हणतात, "बनू नऊ वर्षांची आहे. घरात बाईमाणूस नको का?" मग मी कोण आहे?

गाठ उजवीकडे. लिंबाएवढी. कॅन्सर. घरात आठ दिवस हा शब्द कुणी उच्चारत नाही, 'ते' म्हणतात. मी मोठ्यानं उच्चारते. मी नावाला भिणारी नाही. (ही वही मात्र उशीखाली लपवून ठेवते.)

मालनबाईंनी आल्या आल्या पदर खोचला, माझा स्टोव्ह कोपऱ्यात सरकवला आणि चूल पेटवली. दहा मिनिटांत बनू त्यांच्या मांडीवर. आठ वर्षं झाली त्यांचे यजमान, म्हणजे यांचे दादा जाऊन, मूल नाही, कुणी बोलावलं की ट्रंक उचलायची. बायकांनी बायकांचा आधार व्हावं, असं मी शंभर सभांतून ओरडून सांगितलंय. आज मात्र ती ट्रंक रस्त्यावर फेकून द्यावीशी वाटली.

४ नोव्हेंबर, पुणे

डॉ. खुर्शीद भेटल्या. मूळच्या नगरच्या. केस आखूड, बोलणं रोखठोक.

"मुक्ताबाई, तुमचं दारूबंदीचं भाषण ऐकलंय मी. दगड मारले होते ना लोकांनी?"

"हो. कपाळाला खोक पडली."

"आणि तरी भाषण पुरं केलंत. मग हे काय घेऊन बसलात! उद्या सकाळी काढून टाकू."

माझा विश्वास बसला. देवावर नव्हे — त्या बाईच्या हातांवर.

शेजारच्या खाटेवरची म्हातारी अंगारा लावत होती. मी तिला पाच मिनिटं फैलावर घेतलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "बाई, तुमाला लावू का थोडा?"

१४ नोव्हेंबर

उजवी बाजू सपाट झाली. हात खांद्याच्या वर जात नाही. सभेत मूठ वळून वर करते तोच हात!

बनूचं पोस्टकार्ड आलं. "आई, तू कशी आहेस? मोठी आई माझी रोज वेणी घालते. मोठी आई थालीपीठ लई भारी करते." लई! माझ्या लेकीनं लई लिहिलं! चुलतीला आमच्याकडे मोठी आई म्हणायची पद्धत आहे, ठाऊक आहे मला. पण सबंध कार्डात मोजलं: आई एकदा आणि मोठी आई सहा वेळा.

२ डिसेंबर

विजेचे शेक चालू आहेत. छातीची कातडी भाजल्यासारखी काळी पडलीय. पाणीही पोटात ठरत नाही.

आज हे मालनबाईंना घेऊन आले. त्यांनी माझी उलटी काढली, पाय चेपले, केसांची जट हळूहळू सोडवली. डॉ. खुर्शीद दारात थांबून म्हणाल्या, "अशी जाऊ नशिबानं मिळते हो." यांनी लगेच री ओढली, "वहिनी आहेत म्हणून घर उभं आहे." मी भिंतीकडे तोंड केलं.

मग मालनबाई खिडकीचा पडदा धुवायला काढू लागल्या. टाचा उंचावून, दोन्ही हात डोक्यावर नेऊन. किती सहज! दोन्ही हात! मी डोळे मिटून घेतले. मला त्यांची चोळीसुद्धा पाहवत नाही.

२० डिसेंबर, श्रीरामपूर

घरी आले. पाकिस्तानशी लढाई संपली. ब्लॅकआउटसाठी काचांना लावलेले काळे कागद मालनबाईंनी खरवडून काढलेत. काचा लखलखीत.

माझ्या स्वयंपाकघरात मला मिठाचा डबा सापडेना. विचारावं लागलं! पुस्तकं नीट लावून ठेवलीत — उंचीप्रमाणे. त्यांना अक्षर येत नाही. अर्थशास्त्र, बागकाम आणि क्रांती, सगळं एका उंचीचं म्हणून शेजारी शेजारी. हे पोट धरून हसले. मला हसू आलं नाही.

३ जानेवारी १९७२

बनूला ताप. झोपेत "आई" म्हणून ओरडली. आम्ही दोघी धावलो. तिनं हात त्यांचा धरला.

२६ फेब्रुवारी

निवडणुकीची धामधूम. आमचे उमेदवार आप्पासाहेब आले होते. दहा वर्षं त्यांच्या सभा मी गाजवल्या. म्हणाले, "ताई, तुम्ही बोलायचे कष्ट घेऊ नका. नुसत्या व्यासपीठावर बसा. लोकांना बरं वाटेल."

मी काय शोभेची कुंडी आहे? "येणार नाही" म्हणून सांगितलं.

जाताना त्यांनी चहाची तारीफ केली. अर्थात मालनबाईंच्या!

९ मे

परवा पुण्याला जाऊन तपासून आले. डॉ. खुर्शीदनी बोटांनी इंच इंच चाचपलं. फोटो पाहिला. "स्वच्छ आहे. आता तीन महिन्यांनी या."

मी म्हटलं, "तुमच्यामुळे."

"निम्मं माझ्यामुळे. निम्मं तुमच्या घरच्यांमुळे. आता माझं एक काम करा. बायकांना सांगा, न दुखणारी गाठ लपवू नका. हातानं कसं तपासायचं ते मी तुम्हाला दाखवते. मी एकेकीला सांगून थकले. तुमचं हजार जणी ऐकतील."

मी वाचले! एसटीत खिडकीशी बसून शेतं पाहत रडले. उसाची, कापसाची, नुसत्या ढेकळांचीसुद्धा. सगळं माझं वाटत होतं.

आणि घरी पोचले तर बनूची वेणी घातलेली, पानं वाढलेली, हे मालनबाईंशी गप्पा मारत बसलेले. तिघांचं कसं छान चाललेलं! माझी खुर्ची भिंतीला सारून ठेवलेली.

आज यांना स्पष्ट सांगितलं, "वहिनींना आता मिरजगावला पोचवून या."

"तू बरी झालीस म्हणून त्या नकोशा झाल्या?"

"हो!"

तोंडातून निघून गेलं. मालनबाई दारातच उभ्या होत्या, हातात ताट. म्हणाल्या, "जाते की, मुक्ताबाई. कैऱ्या आल्या की बनूला लोनचं घालून देते आन् जाते."

रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२४ जून

बोलले! शाळेच्या हॉलमध्ये, चारशे बायका. आठ महिन्यांनी आवाज लागला. उजवा हात वर जाईना तर डावी मूठ वर केली. सगळं उघड सांगितलं — काय कापलं, कसं वाटलं, न्हाताना कसं चाचपून बघायचं. आधी खुसखुस, मग सगळ्या पुढे सरकल्या. म्हाताऱ्या बायका पदरात हात घालून बसल्या होत्या.

आणि मालनबाई! पहिल्या रांगेत बसवलेल्या. माझं बोलणं रंगात आलं असताना उठल्या आणि चालत्या झाल्या. सगळ्यांच्या देखत! टाळ्या मला पडणार होत्या ना! घर घेतलं, लेक घेतली, तेवढ्या टाळ्यासुद्धा सोसवल्या नाहीत.

लोणचं मुरो न मुरो. उद्या ट्रंक मी स्वतः बाहेर काढणार.

२५ जून

शब्द जुळवूनच स्वयंपाकघरात गेले. मालनबाई बरणीला फडक्याचा दादरा बांधत होत्या.

"जाऊबाई, काल मधेच उठून का गेलात?"

"तुमी सांगितलं तसं मोरीत जाऊन हात लावून बघितलं."

"मग?"

त्या हसल्या. इतक्या आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "हाय! हितं, डावीकडं. बोराएवढी. दुखत बी न्हाई, तुमी म्हनल्या तशी. पावली बघा लक्ष्मीआई!"

मला काही कळेना. त्यांनी मला पाटावर बसवलं आणि लेकराला सांगावं तसं सांगितलं. मी पुण्याला गेले त्या दिवशी त्यांनी मिरजगावच्या दिशेला तोंड करून शिवेवरच्या लक्ष्मीआईला नवस बोलला होता. "तिचं दुखनं काढ आन् माज्यात घाल. तिला लेकरू हाय. मला कोन हाय?"

"रोज वाट बघत हुते. तुमचं तर स्वच्छ झालं, मग माजं कुठं ऱ्हायलं? जीव घाबरा व्हायचा. काल सापडलं."

इथं खोटं लिहायचं नाही. माझा पहिला विचार हा होता: माझं बरं होणंसुद्धा हिच्या नावावर! सुरी डॉक्टरांची, उलट्या माझ्या, अर्धी छाती माझी — आणि श्रेय हिचं!

ही मरेल, हा विचार त्यानंतर आला. बराच नंतर.

२९ जून

चार दिवस बोलतेय. घसा बसला. हे त्यांच्या पायाशी बसून रडले. उपयोग शून्य.

"जाऊबाई, गाठ एका अंगातून दुसऱ्या अंगात जात नसते."

"तुमची गेली की."

"डॉक्टरांनी कापली म्हणून!"

"कापायची बुद्धी कुनी दिली त्यांना?"

"मग तुमचीही कापू द्या."

"आन् तुमचं उलटलं तर? देवीला दिल्यालं मागं घेऊ व्हय? तुमी भाषन नका करू, मुक्ताबाई. लोनच्याला पानी सुटंल."

दगड घेऊन आलेल्या सभा मी फिरवल्या आहेत. ही एक बाई तसूभर हलत नाही. सगळी पुस्तकं पालथी घातली तरी तिच्यासाठी एक वाक्य सापडत नाही.

हा नवस मोडायचा अधिकार कुणाला, असं शेवटी विचारलं. म्हणाल्या, "देवीलाच. कौल लावून."

३ जुलै, मिरजगाव

आज मी कौल लावला. मी!

लक्ष्मीआईच्या देवळातली गुरवीण भागूबाई. तिनं मला ओळखलं. "तुमीच ना त्या? चार सालाखाली गावच्या चौकात आमाला लुच्चे म्हनल्या हुत्या?"

"मीच."

देवीच्या मुखवट्याला दोन बाजूंना दोन ओली फुलं चिकटवतात. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. मी भागूबाईला खांबाआड नेलं. सगळं सांगितलं आणि म्हटलं, "उजवं जरा कोरडं लावा. लवकर पडेल असं."

ती माझ्याकडे बघत राहिली. "मागं लुच्चे म्हनून गेल्या, आन् आता लुच्चेगिरी शिकवाया आल्या व्हय? फूल पडंल तसं पडंल, बाई."

ज्या लबाडीबद्दल मी वीस वर्षं गुरवांना झोडपलं, ती मी मागायला गेले आणि गुरविणीनं नाकारली. कानशिलं तापली.

कण्हेरीची दोन फुलं लागली. मी पुढे झाले आणि मोठ्यानं म्हणाले, "माझं दुखणं माझं मला परत दे. हिला नवसातून मोकळं कर." मालनबाईंनी झडप घालून माझ्या तोंडावर हात दाबला. तोवर बोलून झालं होतं.

मग नुसतं बघत बसायचं. शेजारी समईची वात चरचरत होती. डावं फूल किंचित सरकलं. नवस खरा नाही, कौल खरा नाही, ते फूल पाणी सुकलं की पडणार — सगळं ठाऊक होतं. तरी मनात एकच चाललं होतं. पड. उजवं पड. बाई गं, पड ना! मी कुणाला बाई म्हणत होते?

उजवं पडलं.

मालनबाई धाय मोकलून रडू लागल्या. "माज्यावर रागावून मागून घेतलंत परत! एवढा राग धरलात, मुक्ताबाई?"

राग होता, पण त्याचा नव्हे. हे त्यांना कसं सांगू? हात धरून एसटी स्टँडवर आणलं. देवीचा शब्द म्हणून येतायत, माझा म्हणून नव्हे. तेही आता चालेल.

१२ जुलै, पुणे

डॉ. खुर्शीदनी गाठ काढून तपासायला दिली होती. साधी निघाली. कॅन्सर नाही.

ऐकताक्षणी माझ्या मनात आलं: हिचीच कशी साधी?

मालनबाईंचा चेहरा पांढराफटक झाला होता. डॉक्टरांचा हात घट्ट धरून त्या एकच विचारत होत्या, "मग आमच्या मुक्ताबाईची परत यील का हो? तिची परत यील का?"