तिकिटाच्या पाठीवरचं नाव

दिंद्रुड, २० मे १९७३

तीर्थरूप अक्कास,
निवृत्तीचा शि. सा. न. वि. वि.

धारूरला आडात पाणी आहे का? इथे टँकर दोन दिवसांआड येतो. पण एक चांगली बातमी आहे. आमच्या शाळेत मुलींचा पाचवीचा वर्ग निघणार. शेतकऱ्यांच्या कर्ज-सोसायटीचे चेअरमन सुंदरराव यांनी सरकारी लॉटरीची एजन्सी घेतली असून तिचं कमिशन वर्गखोलीला देणार आहेत. म्हणून दर शनिवारी मी, हेडमास्तर असून, तलावाच्या दुष्काळी कामावर पगाराच्या टेबलाशेजारी तिकिटं घेऊन बसतो. बाया म्हणतात, लेकीच्या नशिबावर घेतो. मग तिकिटाच्या पाठीवर लेकीचं नाव लिहून देतो. तुलाही एक पाठवलंय, हसू नकोस.

लोभ आहेच, तो उन्हाने आटू देऊ नये.
तुझा निवृत्ती

धारूर, २५ मे १९७३

चि. निवृत्तीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तिकीट पोचलं. हसले नाही, चिडले. दिवसभर माती वाहिलेल्या बाईचा पगार पदरात पडतो न पडतो तोच तू तिकीट पुढे करतोस? सुंदररावांनी स्वतः किती घेतली, ते बरं लिहिलं नाहीस. शाळेसाठी ज्याच्या घरी भरलेलं आहे त्याच्याकडून घ्यावं. तुझे भावोजी म्हणतात, मटक्यात जाण्यापेक्षा बरं, शाळा तरी उभी राहते. मी म्हटलं, उभी राहील, पण आत बसेल कोण? ते आधी विचारून घे.

रागावले तरी लोभ कमी नाही.
तुझी अक्का, शिवकन्या

दिंद्रुड, ४ जून १९७३

तीर्थरूप अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझी शंका खरी ठरली. पत्र्याची खोली झाली, तीस मुलींपुरती. काल सुंदररावांनी तीस नावांची यादी धाडली. सगळ्या सोसायटीच्या सभासदांच्या लेकी. बिनजमिनीचा माणूस सभासद कुठला? आणि आज मातीकामावरची सरूबाई दारात आली. पदराची गाठ सोडून तिनं तिकीट पुढे केलं. म्हणाली, "गुर्जी, शाळा कवा भरनार? तुमीच तर पारूचं नाव लिवलंय." मास्तरनं नाव लिहिलं म्हणजे लेक शाळेत घातली, असं तिनं धरलेलं. तिला धरून अशा एकोणीस जणी आहेत. मला मान वर करवेना.

सुंदरराव शाळेच्या संस्थेवरही आहेत आणि माझी हेडमास्तरकी अजून कायम नाही. यादी डावलली तर नोकरी गेलीच समज. सोमवारी शाळा उघडते. सगळ्यांच्याच नावाच्या चिठ्ठ्या टाकाव्यात म्हणतो. देवाचा कौल, माझ्या माथी दोष नको. तुझं मत लगेच कळव.

काळजीत असलेला
निवृत्ती

धारूर, ७ जून १९७३

चि. निवृत्तीस आशीर्वाद.

टपालाचा भरवसा नाही, म्हणून एसटीच्या कंडक्टरजवळ देते आहे.

पंचवीस वर्षं एक गोष्ट बोलले नाही. आपण दोघं एकाच वर्षी चौथी झालो. माजलगावला एकालाच शिकायला ठेवता येईल म्हणून अप्पांनी मारुतीपुढे चिठ्ठ्या टाकल्या. तुझी निघाली. देवानंच दिलं म्हणून मी रडलेसुद्धा नाही. दुसरी चिठ्ठी अप्पांनी पायरीखाली टाकली होती, ती मी उचलून वाचली. तिच्यावरही तुझंच नाव होतं.

तुझा राग कधी केला नाही. तू पोर होतास. आता पस्तिशीचा आहेस. चिठ्ठ्या टाकू नकोस.

अक्का

दिंद्रुड, ११ जून १९७३

तीर्थरूप अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून रात्रभर लाज वाटत राहिली. तुझ्या वाट्याची शाळा मी शिकलो.

आज शाळा उघडली. तिकिटांच्या पाठीवरची एकोणीस नावं आधी रजिस्टरला घेतली. उरलेल्या अकरा जागा यादीतल्या ज्या मुली आधी आल्या त्यांना दिल्या. सुंदररावांचा माणूस दारात उभा होता. त्याच्यासमोरच सही केली. यापुढे तिकिटं विकणार नाही, असंही त्याच्याजवळ सुंदररावांना लिहून दिलंय. आता नोकरी गेली तर धारूरला तुझ्याच चुलीपुढे येऊन बसेन, दोन भाकरी जास्त थापत जा.

सरूबाईची पारू तिकीट घट्ट धरून उभी होती. नाव लिहून झाल्यावर हळूच म्हणाली, "गुर्जी, आता हे खोडनार न्हाई ना?" मी रजिस्टर फिरवून तिला शाईनं लिहिलेलं तिचं नाव दाखवलं.

अक्का, तुला पाठवलेलं तिकीट जपून ठेवलं असशील तर परत धाड. त्याच्या पाठीवर तुझं नाव लिहायचं राहून गेलं.

लोभ मागायला आज तोंड नाही, तरी असू द्यावा.
तुझा निवृत्ती