तू अर्धं ठेवलेलं जेन

आई, तू गेल्याला अकरा वर्षं झाली आणि मी तुला पहिल्यांदाच लिहिते आहे. तुझी आठवण आली म्हणून नव्हे. उत्तनची ती परवा येऊन गेली, म्हणून. ती म्हणजे बोंबील घेऊन दारावर येणाऱ्या कोळणीची मुलगी, माझ्याच वयाची, जी आपल्या पडवीत बसून तुझ्याजवळ लोकरीचं काम शिकली. तिला तू नावानं हाक मारत नव्हतीस, पोरी म्हणायचीस. मलाही पोरीच म्हणायचीस. दोघी घरात असलो आणि तू हाक मारलीस की कोणी उठायचं ते कळायचं नाही, आणि बहुतेक वेळा तीच आधी उठायची.

मी आता मुंबईच्या एका लोकरीच्या गिरणीत तपासणीच्या खोलीत काम करते. तंतूची जाडी, लोकरीतली ओल, धुतल्यावर कापड किती आटतं, हे पाहून लिहायचं. लढाईत ब्लँकेटांचं काम वाढलं आणि शिकलेली माणसं मिळेनात, तेव्हा त्यांनी मुलगी घेतली. लढाई संपल्यावर ठेवून घेतली, कारण माझं मोजमाप पुन्हा तपासावं लागत नाही. पहाटे उठून बाबांची भाकरी करते, पाणी भरते आणि निघते. तू जे पडवीत करायचीस ते मला आता पुस्तकातून माहीत आहे. लोकरीच्या तंतूवर माशासारखे खवले असतात. ओल, ऊब आणि दाब मिळाला की ते एकमेकांत शिरतात आणि मग सुटत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली ते खवले पहिल्यांदा दिसले त्या दिवशी माझ्या मनात पहिला विचार तुझा आला नाही. हे तिनं कधी पाहिलेलं नाही, एवढाच आला.

तू घाटावरची. तुझे वडील जेन करायचे. न विणता, लोकर पिंजून चटईवर पसरायची, भिजवायची, गुंडाळून लाटत राहायची, की तिचं जाड अंथरूण तयार होतं. मिठागरावरच्या कारकुनाशी लग्न होऊन तू भाईंदरला आलीस ती हे काम हातात घेऊन आलीस. इथं कुठली मेंढरं? भात कापून झालं की धनगर खाली उतरायचे आणि रिकाम्या शेतांत मेंढरं बसवायचे, त्यांच्याकडून तू लोकर मागून घ्यायचीस. काळी हवी तेवढी मिळायची, पांढरी ओंजळभर. आणि तू जेनावर चित्रं करायचीस. काळ्या लोकरीवर पांढऱ्या मिठाच्या राशी, बांधावरचे बगळे, खाडीतलं एखादं शीड. आजी खाटेवरून म्हणायची, "जेनावर बसायचं असतं गं, त्याच्याकडं बघत बसायचं नसतं." तू म्हणायचीस, "मग बघून झालं की बसा."

ते कधी करायचीस हे मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. चुलीवर भात रटरटतो आहे, तू पाटावर बसली आहेस, पायांखाली ओल्या लोकरीची गुंडाळी पुढे मागे फिरते आहे आणि मांडीवरच्या सुपात तुझे हात तांदूळ निवडताहेत. आजीनं हाक मारली की पाय थांबतात. तिला उठवून बसवतेस, पाणी पाजतेस, येऊन पुन्हा पाय सुरू. बाबा मिठागरावरून जेवायला आले की गुंडाळी भिंतीशी जाते, ताट पुढे येतं. तुझ्या वडिलांकडे चार माणसं मिळून दोन दिवसांत उरकत ते काम आपल्याकडे लोकर पसरण्यातच पंधरा दिवस खायचं. तू कधी कुरकुरली नाहीस. त्या कामाला तू चोरून वेळ देत होतीस आणि चोरलेला वेळ माणूस ज्याला देतो त्यावर त्याचं प्रेम असतं, एवढं मला दहाव्या वर्षीही कळत होतं.

म्हणून त्या दिवशी तू आजीपाशी होतीस तेव्हा मी चटईपाशी बसले आणि मिठाच्या राशी स्वतः घातल्या. शाळेची फूटपट्टी घेऊन. सगळ्या सारख्या उंचीच्या, दोन राशींमध्ये सारखं अंतर. पांढरी लोकर जरासुद्धा वाया घालवली नव्हती. तू आलीस, उभ्यानंच बघितलंस आणि दोन बोटांनी एक एक रास उचलून टोपलीत टाकलीस. "मोजतेस काय त्याला? लोकर मोजून बसत नाही. तू अभ्यासाला बस." मग दाराकडे वळून म्हणालीस, "पोरी, तू ये." ती पायरीवर बसली होती. तिच्या हातांना मासळीचा वास होता, तो तू राखेनं स्वतः धुतलास आणि तिचं मनगट धरून लोकर कशी सोडायची ते दाखवलंस. मी आत जाऊन पुस्तक उघडलं. माझं मनगट तू तसं कधी धरलं नव्हतंस.

पुढल्या महिन्यात बाबांकडून तू माझ्यासाठी कंपासपेटी मागवलीस. तिला लोकर पिंजायची तुझी लहान पिंजण दिलीस, तुझ्या वडिलांनी तुला दिलेली. कंपासपेटीच्या जोरावर मी आज कुठं आहे ते मला माहीत आहे. तू मला त्या कामातून मुद्दाम बाहेर काढलंस, हेही समजतं. पण समजल्यानं काही कमी झालेलं नाही.

तू तापानं गेलीस तेव्हा एक जेन पसरून तयार होतं. कोरडंच, चित्रासकट, चटईत गुंडाळून जुन्या लुगड्यात बांधलेलं. ते मी फळीवर ठेवलं. दरवर्षी कडुनिंबाचा पाला बदलला, पण उघडलं नाही, कारण कोरडी लोकर हलली की चित्र जातं. त्यात काय आहे हे मी पाहिलं नव्हतं. तू ते पसरायचीस तेव्हा मी शाळेत असायचे. पाहिलं होतं फक्त तिनं.

होळी झाल्यावर ती आली. लग्न झालेलं, कडेवर मूल, गळ्यात तोच काळ्या दोऱ्यातला क्रूस. सासरी नवऱ्याचं जाळं, सासूचं दुखणं, दोन मुलं, आणि तरी ती अजून जेनं करते म्हणाली, लहान लहान, धनगर येतात तेव्हा. तुझं राहिलेलं आपल्या हातानं पुरं करावं असं तिच्या मनात होतं. मी काही बोलायच्या आत बाबा म्हणाले, "दे तिला. तिच्या हातात आहे ते." किती सहज म्हणाले. मी स्टूल घेतलं, गुंडाळी काढली, धूळ झटकली आणि तिच्या हातात दिली. तुला ती बाय म्हणायची. दारातून जाता जाता तिनं विचारलं, "बाय ते ऊन पाणी घालायची, फेसाचं, ते कशाचं व्हतं गं? साबणाचंच ना? पिवळं पिवळं दिसायचं."

ते रिठ्याचं होतं. ती सकाळी यायची तोवर पाणी गाळून चुलीशी ठेवलेलं असायचं, म्हणून तिला कधी कळलं नाही. रिठे फोडून आदल्या संध्याकाळी भिजत घालायचं काम माझं होतं. तुझ्या त्या कामातलं तेवढंच माझ्याकडे होतं आणि मला त्याची लाज वाटायची, मोलकरणीचं काम वाटायचं. आपल्याकडच्या विहिरी मचूळ, उत्तनच्याही उन्हाळ्यात तशाच. मचूळ पाण्यात साबणाला फेस येत नाही, त्याचा चिकट साका होतो आणि लोकरीला धरून बसतो. रिठ्याचं तसं होत नाही. हे मी तिला दोन वाक्यांत सांगू शकले असते.

मी म्हणाले, "आमच्याकडचा साबण पिवळाच असायचा."

आई, हे वाक्य खोटं नाही. धुण्याला तू पिवळाच साबण वापरायचीस. मी ते तेव्हाही तपासून मगच उच्चारलं होतं.

परवा, रविवारी, ती जेन घेऊन आली. मूल आणलं नव्हतं. पडवीत तिनं ते उलगडलं. कडेला काळं, मध्ये राखाडी, जागोजाग गोळे झालेले, आणि पांढरी लोकर सगळीकडे ओढली गेलेली, पीठ सांडून पुसल्यासारखी. मी हात लावला. साका बोटांना लागला. कशानं झालं हे मला गिरणीत न नेता कळत होतं. तिनं तीन दिवस लाटलं होतं, आणखी साबण घातला होता, आणखी जोर लावला होता. साका धरलेल्या लोकरीवर जोर लावला तर असंच होतं.

मी विचारलं, काय होतं यावर?

"मिठागराचा बांध व्हता. नि बांधावर एक पोर उभी."

"कोण पोर?"

"बायनं सांगितलं न्हाय. मना वाटायचं, मीच ती." ती थोडी हसली. "तुला इचारायचं व्हतं कवापासून."

मी विचारलं की त्या मुलीच्या हातात काय होतं. दप्तर असतं तर मी, टोपली असती तर ती. एवढा पुरावा मला पुरला असता. ती म्हणाली, "हात घालायचे राह्यले व्हते." आणि मग, जेनाकडे न बघता, "माजा हात ग्येला गं. बायनं दिलेला, तो ग्येला. आता मी न्हाय करनार ह्ये." पिंजण तिनं सोबत आणली होती. ती माझ्यासमोर पाटावर ठेवली, तुझ्या घरची वस्तू तुझ्या घरी, म्हणाली, आणि पाणीसुद्धा न घेता निघाली.

तिच्या हाताला काही झालेलं नाही. हे तिला सांगायला हवं. पत्रानं जमणार नाही, तिला वाचता येत नाही, दुसऱ्या कोणी वाचून दाखवावं असं हे नाही. आज कामावर न जाता मी उत्तनच्या वाटेवर मुर्धा गावापर्यंत चालत गेले. पुढे रस्ता सरळ होता. मी परत आले आणि कागद घेऊन तुला लिहायला बसले, कारण तू उठून काही विचारणार नाहीस. हा कागद कुठे जाणार नाही. चुलीत घालेन.

एकच गोष्ट राहिली. माझा हात गेला, असं ती म्हणाली तेव्हा मला बरं वाटलं. वाईट नंतर वाटलं. मला बहुतेक गोष्टी नेमक्या मोजता येतात, म्हणून ते बरं वाटणं किती टिकलं तेही मी पाहिलं. ती मिठागराच्या वळणापर्यंत पोचेतो ते होतं. घरात येऊन दिवा लावला तेव्हा होतं. आता हे लिहिताना पाहिलं. थोडं अजून आहे.