सगळ्यांना सारखी वाढ

बाबा, आज तलासरीहून डहाणूला आले होते. तुमच्या फुग्यांच्या कारखान्यावरून गेले आणि तुमच्याशी बोलावंसं वाटलं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट, मी सातवीत होते. तुम्ही साचे रबरात बुडवायचात, आई त्याच कारखान्यात फुगे फुगवून भोकं तपासायची. पगार मात्र तुमचा बराच जास्त, आणि त्यात कुणालाच वावगं वाटत नव्हतं. त्या वर्षी पगारवाढीसाठी संप झाला, त्यात बायापुरुष फाटकाशी एकत्र बसले. मग एका संध्याकाळी युनियनचे पुढारी म्हणून शेठशी बोलून तुम्ही खुशीत घरी आलात. पुरुषांना भरघोस वाढ, बायकांना निम्मी. भाकरी थापणारा आईचा हात थांबला.

"उन्हात आम्ही तुमच्या शेजारीच बसलो ना? मग वाढ निम्मी कशी?"

"पुढच्या करारात बघू."

"मग पुढच्या संपाला तुम्हीच बसा."

 दुसऱ्या दिवशी तुम्ही आईला आणि कारखान्यातल्याच रानशेतच्या एका मावशींना बोलणीला सोबत नेलंत. पुढचं आईनं इतक्यांदा सांगितलंय, की मी तिथेच उभी आहे असं वाटतं. शेठ म्हणतात, "बायांचं काम तर बसून असते ने!" मावशी म्हणतात, "शेठ, तुमीपन बसूनच काम करता." सगळे हसतात, शेठही. हसून झाल्यावर ते तुमच्याकडे वळतात: बायकांचा विषय सोडा, पुरुषांना अजून थोडं वाढवतो. संपानं सगळ्यांचीच घरं मेटाकुटीला आलेली. सोबतची माणसं तुमच्याकडे बघतात. तुम्ही म्हणता, "वाढ एकच, सगळ्यांना सारखी. नाहीतर सही नाही."

दोन दिवसांनी शेठ तयार झाले. पगारातला जुना फरक राहिला, पण वाढला नाही. नव्वदनंतरच्या करारात तोही मिटला. "युनियन तुझी बायको चालवते," असं कुणी चिडवलं, तर तुम्ही म्हणायचात, "हो, बरी चालवते."

वाढीव पगार झाला त्या संध्याकाळी सगळ्या बायका समुद्रावर जाऊन बर्फाचे गोळे खाऊन आल्या. आई लाल ओठांनी घरात शिरली, तर तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा खिचडी केलेली. "कशी झालीय?" आई, ताई आणि मी एकमेकींकडे पाहिलं आणि "छान" म्हणालो. तुम्ही इतके खूश झालात, की पुढे दर पगाराला खिचडी तुमचीच.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून माझ्याकडेच ठेवते. पण बाबा, तुम्ही सगळं लोणच्याबरोबर खायचात, म्हणून तुम्हाला कळलं नसेल. त्या खिचडीत मीठ नसायचं. एकदाही नव्हतं.