डाव्या पंखाचे टाके

हिगाशी-कसाई, तोक्यो
२१ ऑक्टोबर २०१८

ती. आई,

साष्टांग नमस्कार.

तुमचं पार्सल मंगळवारी पोचलं. मेतकूट, भाजणी, लसणीची चटणी, सगळं नीट आहे. चटणीचं झाकण सैल झालं होतं, पण तुम्ही दोन पिशव्या घातल्या होत्या त्यामुळे बाकीच्याला वास लागला नाही. तुमचे गुडघे कसे आहेत? डॉक्टरांनी दिलेला पट्टा वापरता ना? इथे हवा गार व्हायला लागली आहे. जुईची परीक्षा संपली. गणित बरं गेलं म्हणते. बाकी काही विचारलं की "बेत्सु नी" म्हणते, म्हणजे "विशेष काही नाही". हा शब्द चारुताला घरात चालत नसे. मी चालवून घेतो.

गुरुवारी दसरा केला. श्रीखंड फुनाबोरीच्या दुकानातून आणलं. पूजेला मी माझा लॅपटॉप ठेवला. जुईने कशाची चावी ठेवली ते पुढे लिहितो.

मागच्या फोनवर तुम्ही दोन गोष्टी विचारल्या होत्या. विमान विकलं का, आणि तुमच्या साड्यांची ती हिरव्या काठांची गोधडी कुठे आहे. दोन्ही वेळा मी "बघतो" म्हणालो. फोनवर तुमचा आवाज ऐकला की मला पुढचं बोलता येत नाही. म्हणून पत्र लिहितो आहे.

विमान निम्मं चारुताचं आणि निम्मं ओगाता-सान यांचं. ते तिच्या कावासाकीच्या ऑफिसातले जुने साहेब, आता बहात्तर वर्षांचे आहेत. अशी जुनी विमानं बाळगणाऱ्या लोकांचा दर शरदात फुकुशिमाच्या डोंगरात एक मेळावा असतो. सगळे आपापलं विमान उडवत तिथे येतात. चारुता चार वेळा गेली होती. मला दरवर्षी चल म्हणायची आणि दरवर्षी मला ऑफिसचं काहीतरी काम निघायचं. खरं कारण तिला ठाऊक होतं. मला त्या विमानाची भीती वाटायची.

तुमची लेक आपल्याला सोडून गेल्यावर ओगाता-सान यांनी दीड वर्ष तिच्या वाट्याबद्दल एक शब्द काढला नाही. शेवटी मीच त्यांना सांगितलं की मला वाटा विकायचा आहे, आई तिकडे काळजी करतात. ते म्हणाले, "मेळाव्याला या. नागानोचे एक दातांचे डॉक्टर विचारत होते. विमानाशेजारी उभं राहून बोलू." म्हणून मी गेलो. आई, मी विकायलाच गेलो होतो, एवढं खरं माना.

जुईला फुनाबोरीत चित्रावहिनींकडे ठेवणार होतो. तिने आदल्या दिवशी सरळ सांगितलं, "तू विकणार असशील तर मी एकदा बसणार. आईच्या जागेवर." मी नाही म्हटलं. तुमचंही नाव घेतलं. ती खोलीत गेली आणि रात्री जेवायला आली नाही. सकाळी मीच तिची पिशवी गाडीत ठेवली.

हे मला पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. जुई त्या विमानात बसली. जाताना आणि येताना. दोघंही सुखरूप आहोत.

इबाराकीतल्या ओगाता-सान यांच्या शेडमध्ये पोचलो तेव्हा विमानाच्या नाकावर तुमची गोधडी होती. थंडीत इंजिन फार गार पडू नये म्हणून चारुता ती घालत असे. ओगाता-सान यांनी तिच्यामागे तेच चालू ठेवलं. मला एकदम लाज वाटली. तुम्ही सहा महिने खपून शिवलेली गोधडी, आणि आम्ही ती इंजिनावर टाकली. त्यांनी ती काढली, दोन्ही हातांनी झटकली, चौघडी घातली आणि जुईच्या मांडीवर दिली. "वर गार असतं," म्हणाले. गोधडीला तेलाचा थोडा वास येतो. जुईला चालतो.

निघण्याआधी त्यांनी प्रत्येकाचं वजन विचारलं. लहान विमानात ते विचारावंच लागतं. मी बहात्तर सांगितलं. जुई म्हणाली, "बाबा, पंच्याहत्तर." ओगाता-सान म्हणाले, "चारुता-सान अठ्ठ्याहत्तर म्हणायच्या." दोघं हसली. मला राग आला नाही. खूप दिवसांनी घरातल्याबद्दल घरातल्यासारखं कोणी बोललं होतं.

उडताना मी डोळे मिटले होते. आवाज फार असतो, सगळे कानांवर हेडफोन लावतात. त्यातून जुईचा आवाज आला, "बाबा, उघड. समुद्र आहे." मी उघडले. आम्ही किनाऱ्याच्या कडेने उत्तरेला चाललो होतो. खाली त्सुनामी अडवायला बांधलेली पांढरी नवी भिंत, मैलोनमैल. तिच्या आत रिकामे चौकोन, गवत वाढलेलं. ओगाता-सान यांनी एका चौकोनावर पंख जरा कलता केला आणि परत सरळ केला. तिथे त्यांच्या बहिणीचं घर होतं. भूकंपानंतर चारुता जुईला घेऊन तुमच्याकडे आली आणि तीन आठवड्यांत परत फिरली, त्यावरून तुमचं भांडण झालं होतं. ती परत येऊन ओगाता-सान यांच्याबरोबर इथेच ब्लँकेटं वाटायला आली होती. विमानाची ओळख तिला त्याच दिवसांत झाली. हे तिने तुम्हाला सांगितलं होतं की नाही, मला माहीत नाही.

पुढे डोंगर ओलांडून उतरलो. डोंगरावर भाजीपाला पाठवायला बांधलेली छोटी धावपट्टी आहे, तिच्या कडेला पंधरा-वीस विमानं उभी होती. काही माझ्या वडिलांच्या वयाची. मालक घडीच्या खुर्च्या टाकून बसतात आणि एकमेकांची विमानं बघत फिरतात. मोठ्या पातेल्यात अळूच्या कंदांची आमटी होती. बाजूला छोट्या पातेल्यात बिनमांसाची. ती चारुतासाठी करायची पद्धत पडली होती. यंदाही केली होती.

ते दातांचे डॉक्टर आले. माणूस चांगला, नम्र. बोलणं जवळपास ठरलं होतं. तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ आमच्या विमानापाशी थांबले. या विमानाचे पंख कापडाचे असतात, हे मलाही तिथे गेल्यावर नीट कळलं. आत लाकडाच्या पट्ट्या, वर ताणलेलं कापड, आणि ते कापड लांब सुईने प्रत्येक पट्टीला टाचलेलं. वरून खाली, खालून वर, प्रत्येक टाक्याला गाठ. त्यावर कापडी पट्टी आणि रंग, पण हात फिरवला की टाके बोटांना लागतात. त्या गृहस्थांनी उजव्या पंखावरून हात फिरवला, मग डाव्या. डाव्यावर परत फिरवला.

"हा कोणी शिवला?"

"चारुता-सान यांनी," ओगाता-सान म्हणाले. "उजवा माझा आहे. तिकडे फार बघू नका."

"कुठे शिकल्या?"

"त्यांच्या आईकडे. आई साड्यांची पांघरुणं शिवतात." मग मला म्हणाले, "मी त्यांना पुस्तकातली पद्धत दाखवली. गाठ त्यांनी माझ्यासारखी मारली, पण अंतर आणि ओढ त्यांच्या हाताची. तपासनीस आला, त्याने माझे अकरा टाके उसवायला लावले. त्यांचा एकही नाही."

जुई गोधडी खांद्यावर घेऊन उभी होती. त्या गृहस्थांनी परवानगी मागून गोधडीचे टाके पाहिले, परत पंखाला हात लावला, आणि मान हलवून हसले. मीही हात लावला. आई, मला शिवणातलं काही कळत नाही. पण मी वर दीड तास डाव्या बाजूलाच बसलो होतो, त्या पंखाखाली.

मग कळलं की उजव्या पंखाचं कापड या हिवाळ्यात बदलायचं आहे. ओगाता-सान यांना मोतीबिंदू होतो आहे, सुईत दोरा दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, मी माणूस लावून करून घेईन. जुई मध्येच जपानीत म्हणाली, "मी शिवते."

मी म्हटलं, "शाळेत तुझा ॲप्रन वाकडा झाला होता."

"तेव्हा मी सातवीत होते, बाबा."

ओगाता-सान यांनी विचारलं, "शिकवायला कोणी आहे का?"

ती म्हणाली, "आजी आहे."

एवढंच. त्यानंतर मी डॉक्टरांकडे वळलो. मी वाकून माफी मागितली आणि वाटा विकायचा नाही म्हणून सांगितलं. त्यांनीही वाकून "बरोबर आहे" म्हटलं. येताना ओगाता-सान यांनी चारुताची विमानाची चावी जुईच्या हातात दिली. दसऱ्याला ठेवली ती हीच.

तुम्ही रागावाल हे मला माहीत आहे. जुईला त्यात बसवणार नाही, असा शब्द तुम्हाला हवा होता. तो मी देऊ शकत नाही. ती विमान चालवायला शिकेल की नाही, ते ती मोठी झाल्यावर ठरवेल, आणि तेव्हाही मला भीती वाटेलच. आता ती फक्त शिवायचं म्हणते आहे. घरात दीड वर्षात तिने स्वतःहून मागितलेली ही पहिली गोष्ट. मला एकट्याला ती नाकारता आली नाही. तुम्हाला नाकारायची असेल तर तो तुमचा अधिकार आहे, पण तिला समोर बसवून सांगा.

तिची सुट्टी डिसेंबरच्या शेवटी लागते. तिला चिंचवडला पाठवतो आहे. जपानीत उत्तर दिलं तर मराठीत परत विचारा, येतं तिला.

गोधडी तिच्याबरोबर देतो. मी धुतलेली नाही, टाके सैल होतील अशी भीती वाटली. एका कोपऱ्यात उसवली आहे. तेवढा कोपरा तिच्याकडूनच शिवून घ्या, वाकडा झाला तर उसवायला लावा. पुढे गोधडी ठेवून घ्यायची की तिच्याबरोबर परत पाठवायची, ते तुम्ही ठरवा. इथे जानेवारी-फेब्रुवारीत कडाक्याची थंडी असते.

गुडघ्याचा पट्टा वापरा.

तुमचा,
यतीन