मैथिलीच्या नावाचं तिकीट

पनवेल,
रविवार, दुपार

प्रिय रेवा,

तू सून होऊन आमच्या घरी आलीस त्याला अकरा वर्षं झाली, आणि हे नाव मी आज पहिल्यांदा लिहितोय. लिहिताना लाज वाटली. पत्र सत्यजीतच्या हाती देतोय. तो उद्या तुझ्या आईच्या तेराव्यासाठी नागपूरला निघतोय. पाकीट चिकटवून दिलंय, कारण हे आधी तू वाचावंस. मग त्याला दाखवायचं की नाही, ते तू ठरव.

इकडे घर चाललंय. सुनंदा तुझ्या कुंड्यांना न चुकता पाणी घालते, कढीपत्त्याला नवी पालवी आलीये. समोरचे दाजी रोज तुझी चौकशी करतात. मी संध्याकाळी वडाळे तळ्यावर फिरायला जातो, तिथेही लोक थांबवून हळहळतात. काल दाजी म्हणाले, "अवधूतराव, या विमानवाल्यांना कोर्टात खेचा. पोरीची आईशी शेवटची भेट हुकली, काय चेष्टा आहे?" मी मान डोलावली. रेवा, मी खरंच मान डोलावली. आता डोक्यावरून विमान गेलं की मला वर बघवत नाही, आणि आपल्याकडे आता दर थोड्या वेळाने एक जातंच.

तुमच्या लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने तुझं नवं नाव लिहिलं, ते आठवतं? सत्यजीतचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून तांदळात आधी मीच गिरवून ठेवलं होतं. त्याने नुसती वरून अंगठी फिरवली. मैथिली हे नाव मी निवडलं. तुला कुणी विचारलं नाही, विचारायचं असतं हेच माझ्या डोक्यात नव्हतं. तुझी आई शेजारी उभी होती. त्या हळूच म्हणाल्या, "छान आहे हो. आम्ही रेवा ठेवलं होतं, माझं माहेर नर्मदेकाठचं ना." मी "हो का?" म्हटलं आणि पंगत कुठवर आली ते बघायला गेलो.

सत्यजीत तुला कधीच मैथिली म्हणाला नाही. तुझ्या सासूने, सुनंदाने, वर्षभर म्हटलं आणि सोडून दिलं. मी मात्र हट्टाला पेटल्यासारखा धरून बसलो. तुझ्या नावाचं पार्सल आलं की दारातूनच ओरडायचो, "इथे कोण रेवा राहते?" तू हसून सही करायचीस. ती थट्टा होती असं मी आजवर स्वतःला सांगत आलो.

त्या सोमवारी नागपूरहून फोन आला की आईचं ऑपरेशन उद्या दुपारी दोनला. तू घाबरून गेली होतीस. मी ऐटीत म्हणालो, तू बॅग भर, तिकीट मी काढतो. अख्ख्या सोसायटीची तिकिटं मी काढतो, तुझं नाही का काढणार? सकाळी सातचं विमान मिळालं. प्रवाशाच्या नावापुढे मी मैथिली लिहिलं. घाई होती हे खरं, पण बोट जराही अडखळलं नाही, हेही खरं. तू तिकीट बघून मला सांगितलंस, "बाबा, आधारवर रेवा आहे. बदलून घ्याल का?" तुझा सूर अगदी साधा होता. मला मात्र तो लागला. अकरा वर्षांत आधार बदललं नाहीस, असं काहीतरी पुटपुटत मी बाल्कनीत जाऊन कंपनीला फोन लावला.

तुला मी नंतर सांगितलं की, "झालं काम, नवीन प्रिंट काउंटरवर देतील." ते खोटं होतं. फोनवरची मुलगी फार नीट बोलली. म्हणाली, अक्षर चुकलं असेल तर लगेच दुरुस्त करता येतं, पण अख्खं नावच वेगळं असेल तर हे तिकीट रद्द करून नवीन काढावं लागेल. त्याच विमानात सात सीट शिल्लक आहेत, आत्ताच करून देते. मग तिने विचारलं, "सर, म्हणजे मैथिली हे नाव चुकीचं आहे ना?" एवढंच. मला फक्त हो म्हणायचं होतं. मी म्हणालो, "नाव बरोबर आहे," आणि फोन ठेवला. आडनाव जुळतंय, गेटवर एवढं कोण बघतं, अशी मनाची समजूत घातली. उरणच्या प्लँटमध्ये मी तीस वर्षं स्टोअर सांभाळलं. डब्यावरचं लेबल आणि आतला माल जुळला नाही तर ट्रक परत पाठवायचो. गेटवर नीट बघतात, हे माझ्याइतकं कुणाला माहीत?

सकाळी विमानतळावरून त्यांनी तुला परत पाठवलं. पुढची जागा मिळाली ती संध्याकाळची. दोनला आईला आत नेलं तेव्हा त्या रेवा आली का विचारत होत्या, हे तूच मला फोनवर सांगितलंस. रडत रडत, आणि वर मलाच धीर देत, "बाबा, तुम्ही तर फोन केला होता, तुमचा काय दोष?" गुरुवारी त्या शुद्धीवर न येताच गेल्या. मी तेव्हाही गप्प राहिलो. ते खोटं बोलतानाच माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

परवा तू म्हणालीस, तेरावं झालं की कंपनीकडे तक्रार पाठवणार, सगळं लिहून तयार आहे. तुम्ही ज्या मुलीशी बोललात तिचं नाव आठवतंय का, असं विचारलंस. मला आठवायची गरज नव्हती. स्टोअरची सवय, कॅलेंडरवर टिपून ठेवलं होतं: माहनूर. आणि मी ते तुला दिलं. आईची भेट माझ्या हट्टापायी हुकली, त्याला आता इलाज नाही. पण हे दुसरं पाप मी पूर्ण शुद्धीत केलं, आणि ते अजून थांबवता येतं. म्हणून हे पत्र. त्या मुलीने तुला आईपर्यंत पोचवायची पूर्ण तयारी दाखवली होती, मी पोचू दिलं नाही. क्षमा मागत नाही, तेवढं तोंड उरलेलं नाही. एकच कर. तक्रारीत जिथे माहनूर लिहिलं आहेस, तिथे ते खोड आणि अवधूत महादेव केळुसकर लिही. आधारवर आहे तसंच.

तू म्हणू देशील तर अजूनही तुझाच,
बाबा