पाल्याच्या रकान्यात

तीर्थस्वरूप ताईस, धाकट्या भावाचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सगळे बरे आहे. दाजींचा गुडघा आता जिना चढू देतो का? (नव्या चष्म्याने त्यांचे डोके दुखते असे कळले. चष्मा मी केला आहे, तेव्हा दोष डोक्याचाच असावा.) तुझी शाळा दोन रस्ते सोडून असताना पत्र कशाला, असे म्हणशील. काही गोष्टी तुझ्यासमोर बोलायला मला अजूनही धीर होत नाही.

कन्येला तिच्या त्या पलीकडच्या शाळेतून काढून घरी शिकवणार असे मी सांगितले, तेव्हा तू एवढेच म्हणालीस, "आधी तू स्वतः तासभर एका जागी बसून दाखव." मुख्याध्यापिकेने सख्ख्या भावाला असे बोलावे, याचे मला वाईट वाटले. पण नऊ वर्षांची पोर रोज सकाळी बूट घालताना रडायची, आणि प्रगतिपुस्तकात शेरा काय, तर 'फार प्रश्न विचारते'. माझे डोके फिरले.

अभ्यासक्रम मी आमच्या धंद्याच्या रीतीनेच निवडायचा ठरवला. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे एकेक काच धरायची आणि विचारायचे, "ही बरी की मघाची बरी?" पहिला अभ्यासक्रम निसर्गातून शिकवणारा होता. त्यापायी दुकानाच्या खणात फ्रेमांबरोबर मुंग्या राहायला आल्या. (एक बाई चष्मा घालून पाहताना किंचाळल्या. निरीक्षण कन्येने वहीत नोंदवले.) दुसऱ्यात दर वीस मिनिटांनी घंटा वाजवायची होती. चार दिवसांत कन्येने घंटा लपवली, कुठे ते अजून सांगत नाही.

तिसरा मात्र चाळीस प्रश्नांच्या अर्जावरून खास बेतून मिळणार होता. अर्जात दोन रकाने होते, पाल्य आणि पालक. आता ताई, पाल्य हा शब्द मला जास्त वजनदार वाटला, म्हणून तो बापाचा असणार असे मी धरले. पाल्य सलग किती वेळ बसतो? अकरा मिनिटे. चूक दाखवल्यास काय करतो? विषय बदलतो. कशाची भीती वाटते? भागाकाराची आणि ताईची. पालकाच्या रकान्यात कन्येविषयी खरे तेच लिहिले, की समजेपर्यंत सोडत नाही, चिडत नाही.

अभ्यासक्रमाचे खोके आले. वर चिठ्ठी, 'पाल्य चंचल आहे, पण धीर सोडू नये. पालक विलक्षण संयमी असल्याने त्यांनीच शिकवावे.' कन्येने चिठ्ठी दोनदा वाचली, अर्जाची प्रत मागून घेतली, आणि दुपारी दुकान बंद असताना मला समोर बसवले. तेव्हापासून रोज बसवते. लाकडी ठोकळे मांडते आणि विचारते, "बाबा, ही रीत बरी की मघाची बरी?" तुला आठवत असेल, सातवीपर्यंत माझी गणिते तूच करून द्यायचीस. काल मी चार आकडी भागाकार बाकीसकट बरोबर केला. तिने पाठ थोपटली. मला भरून आले.

एकंदरीत घरचे शिक्षण उत्तम चालले आहे. पाल्याची प्रगती समाधानकारक आहे. काळजी नसावी.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. तुझ्याकडे चौथीत एखादी जागा आहे का? एका गिऱ्हाइकासाठी विचारतो आहे.

पुन्हा ता. क. गिऱ्हाईक आपल्याच घरातले आहे. ताई, माझ्या भागाकारात तिचे वर्ष वाया चालले आहे. मी चुकलो. हे वाक्य पुढे दाखवायला कापून ठेवू नकोस.

आत्या, हे खालचं मी लिहिते आहे. बाबांनी मला विचारलं, मी हो म्हणाले. तुझ्या शाळेत प्रश्न विचारलेले चालतात ना? फक्त मला रोज वेळेवर सोड, बाबांचे अपूर्णांक अजून व्हायचे आहेत आणि त्यांना एकट्याने भीती वाटते. पत्र मीच घेऊन आले आहे. बाहेर बाकावर बसते. बूट घातले आहेत, रडले नाही.